राखीव, पण कुणासाठी? १८७८ चा वन कायदा ते हसदेवचे अरण्य

१/
जानेवारी २०१६. छत्तीसगडच्या सरगुजा जिल्ह्यातील घाटबर्रा गावाचा सामूहिक वनहक्क जिल्हा प्रशासनाने रद्द केला. कारण आदेशातच नमूद होते : या हक्काच्या आधारे ग्रामस्थ कोळसा खाणीच्या कामात अडथळा आणत आहेत. जंगल राखण्यासाठी मिळालेला हक्क गावाने जंगल राखण्यासाठी वापरला आणि तोच त्याचा अपराध ठरला.

२/
एका जिल्ह्याच्या प्रशासनाची चूक म्हणून हा आदेश बाजूला सारता येत नाही. त्याची मुळे दीडशे वर्षे जुन्या कायद्यात आहेत आणि त्या कायद्याला झालेल्या पहिल्या विरोधाचा एक धागा थेट पुण्याशी जुळतो.

३/
१८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली. पुढे लोहमार्गाच्या प्रत्येक मैलाला १७६० ते २००० लाकडी स्लीपर लागू लागले. साग, साल, देवदार यांची राने भराभर रिकामी झाली, तेव्हा सरकारला जंगल ‘वाचवण्याची’ निकड भासली. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले आणि जर्मन वनशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस त्याचे पहिले प्रमुख झाले. खात्याचा जन्म लाकडाच्या टंचाईतून झाला होता, रानाच्या ममतेतून नव्हे.

४/
१८७८ च्या कायद्याने जंगलाचे तीन वर्ग केले : राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. त्यामागे बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचा युक्तिवाद होता. जंगलाचा धनी सरकार; गावकऱ्यांचा पिढ्यानपिढ्यांचा वापर हा हक्क नसून केवळ सवलत, आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. ब्रँडिस यांना गावांच्या हक्कांना थोडी जागा द्यायची होती. मद्रास सरकारचाही विरोध होता. तरी बेडन-पॉवेल यांचीच सरशी झाली.

५/
या कायद्याविरुद्ध पुणे सार्वजनिक सभेने त्याच वर्षी निवेदन दिले. गावकऱ्याला रानातून हुसकण्यापेक्षा विश्वासात घ्या, रान राखणाऱ्या गावाचा गौरव करा, म्हणजे गावागावांत चढाओढ लागून जंगल आपोआप टिकेल, असा त्याचा आशय होता. पुढे १८८३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि चराऊ राने ‘फॉरेस्टा’त घालून शेतकऱ्याची गुरे उपाशी मारणाऱ्या या खात्यावर कठोर प्रहार केला.

६/
कोकणात प्रश्न राबाचा होता. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची तर पाला आणि कवळे हवेत, आणि ती आता सरकारी मालमत्ता झाली होती. असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. लोकांचे म्हणणे सरकारच्या कानी पडले नव्हते, असे म्हणायला त्यामुळे जागाच उरत नाही.

७/
१९२७ च्या भारतीय वन कायद्याने हीच चौकट पक्की केली. १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. २५ सप्टेंबरला रायगडातील चिरनेर येथे सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आज हुतात्मा म्हणून आपण ज्यांना वंदन करतो, त्यांचा गुन्हा इतकाच, की राखीव जंगलात त्यांनी कोयता चालवला.

८/
१९४७ नंतर हा कायदा तरी जाईल, अशी अपेक्षा होती. १९२७ चा तो कायदा आजही लागू आहे. १९५२ च्या वननीतीने तर असेही बजावले, की एखादे गाव जंगलालगत आहे या योगायोगामुळे राष्ट्राच्या हितावर गदा येऊ देता कामा नये. शतकांची वस्ती योगायोग ठरली आणि राष्ट्राचे हित कशात, ते सांगण्याचा मक्ता खात्याकडेच राहिला.

९/
२००६ चा वनहक्क कायदा म्हणूनच महत्त्वाचा. आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली त्याच्या प्रस्तावनेतच आहे. २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला १८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. सार्वजनिक सभेने मागितले होते, ते यायला १३१ वर्षे लागली.

१०/
त्याच वर्षी, ३ ऑगस्टला, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढले : वनहक्कांचा निवाडा आणि ग्रामसभेची संमती यांखेरीज वनजमीन अन्य कामासाठी वळती करायची नाही. ओडिशातील नियमगिरीवर त्याची कसोटी लागली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ‘नाही’ म्हणाल्या. डोंगर वाचला.

११/
हसदेवचे नशीब तसे नव्हते. उत्तर छत्तीसगडमध्ये दीड हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेले हे साल आणि मोहाचे सलग अरण्य. हत्तींची वाट, महानदीला मिळणाऱ्या हसदेव नदीचे पाणलोट क्षेत्र. २०१० मध्ये केंद्राने ते खाणींसाठी ‘निषिद्ध’ मानले. पुढच्याच वर्षी वन सल्लागार समितीने नकाराची शिफारस केली असताना, तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी परसा पूर्व-केते बासन खाणीला मंजुरी दिली. निषेधाची ती रेघ जेमतेम वर्षभर टिकली.

१२/
२०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती मंजुरी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र काम चालू ठेवण्याची मुभा दिली. घाटबर्राची कथा याच खाणीची. प्रशासनाचे म्हणणे असे, की ही जमीन २०१२ मध्येच वळती झाली होती, हक्क नंतर, २०१३ मध्ये दिला गेला. हा बचाव नीट वाचला तर तो कबुलीजबाब ठरतो. हक्कांचा निवाडा आधी आणि वळतीकरण नंतर, असा सरकारचाच दंडक होता. शिवाय एकदा दिलेला सामूहिक हक्क मागे घेण्याची तरतूद वनहक्क कायद्यात नाहीच.

१३/
२०२१ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने इशारा दिला : देशातील हत्तींपैकी जेमतेम एक टक्का छत्तीसगडमध्ये, पण हत्तींमुळे होणाऱ्या मानवी मृत्यूंपैकी पंधरा टक्क्यांहून अधिक तिथे, हसदेव आणखी फोडू नका. त्याच ऑक्टोबरमध्ये, ग्रामसभेचे ठराव बनावट असल्याचा आरोप करत, ग्रामस्थ ३०० किलोमीटर चालत रायपूरला पोहोचले. जुलै २०२२ मध्ये विधानसभेने हसदेवच्या खाणी रद्द करण्याचा ठराव एकमताने केला. सप्टेंबरात तोड झाली. डिसेंबर २०२३ मध्ये, सरकार बदलल्यावर, पुन्हा झाली. कुऱ्हाडीला पक्ष नसतो.

१४/
‘पण वीज तर हवी ना?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर असे, की देशात कोळशाचे साठे केवळ दाट जंगलाखालीच नाहीत. कुठले रान सोडायचे, हे ठरवण्यासाठीच २०१० ची ती निषिद्ध क्षेत्रांची यादी होती. सरकारने यादी स्वतः केली आणि स्वतःच मोडली.

१५/
मग ‘पर्यायी वनीकरण’ पुढे केले जाते. सालाचे बी साधारण आठवडाभरच रुजण्याजोगे राहते. हे झाड रोपवाटिकेतून सहज कुठेही हलवता येत नाही. म्हणून पर्यायी जमिनीवर बहुधा साग-निलगिरीच्या रांगा उभ्या राहतात. देशाच्या वन अहवालात एक हेक्टरहून मोठ्या, दहा टक्के छत्र असलेल्या कोणत्याही जमिनीची नोंद ‘वनाच्छादन’ म्हणून होते, मग ती फळबाग असो वा चहाचा मळा. अरण्य जाते, आकडा वाढतो आणि सरकार स्वतःची पाठ थोपटून घेते.

१६/
२०२२ च्या नियमांनी केंद्राने ग्रामसभेच्या संमतीची खातरजमा न करताच अंतिम मंजुरी देण्याची वाट मोकळी केली; ती जबाबदारी नंतर राज्याने पाहायची. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने हरकत घेतली, तरी उपयोग झाला नाही. मंजुरी हाती पडल्यावर मागितलेली संमती म्हणजे लग्न लागल्यावर मुलीची पसंती विचारण्यासारखे.

१७/
महाराष्ट्राला यात हात झटकता येणार नाहीत. छत्तीसगडच्याच रायगड जिल्ह्यातील गारे पेलमा-२ हा कोळसा साठा महानिर्मितीला मिळालेला आहे. जून २०२५ मध्ये तिथे पोलीस बंदोबस्तात झाडे पडली. आणि मेंढा-लेखाच्याच गडचिरोलीत, ठाकूरदेवाच्या सुरजागड डोंगरावर, लोहखनिजाचे उत्खनन वाढतच आहे. एकाच जिल्ह्यात एका गावाच्या वनहक्काचे कौतुक होते आणि दुसऱ्या गावाचा देव खणला जातो.

१८/
सरपणाची मोळी उचलणाऱ्या बाईला अडवणारे आणि यंत्राला वाट करून देणारे खाते एकच. १८७८ मध्ये रान राखले गेले ते रेल्वेसाठी, आज राखले जाते ते खाणीची वेळ येईपर्यंत. ‘राखीव’ या शब्दाचा अर्थ बदलायचा असेल तर मागणी एकच : ग्रामसभेची संमती मंजुरीच्या आधी, आणि तिचा नकार अंतिम. बारा गावांनी ‘नाही’ म्हटल्यावर नियमगिरी उभा राहिला. घाटबर्रानेही ‘नाही’च म्हटले होते.