जुनी सुरी केराच्या पिशवीत नको

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडून खुर्चीत बसतो न बसतो तोच घंटागाडीवर काम करणाऱ्या एक बाई आत आल्या. उजव्या हाताला पदर गुंडाळलेला, त्यातून रक्त ठिबकत होते. गाडीत टाकण्यासाठी काळी पिशवी उचलताना त्यांनी खालून हाताचा आधार दिला होता आणि आतल्या सुरीचे टोक तळव्यात घुसले होते. "पिशवीत सुरी हाय हे वरून कसं कळनार, डॉक्टर?" त्या म्हणाल्या. मी हातमोज्यांबद्दल विचारले. "दिल्यात की. पन कापडाचे मोजे सुरीला काय अडवत्यात?"

कुणीतरी जखमेत हळद चेपली होती. ती धुऊन काढण्यातच दहा मिनिटे गेली. मग मी त्यांना एकेक बोट मिटायला सांगितले. करंगळीशेजारचे बोट मिटेना. बोट वाकवणारी दोरीसारखी कंडरा तुटली होती. हे काम माझ्या टाक्यांचे नव्हते. त्यांना जिल्ह्याच्या गावी पाठवावे लागले. वरून पाहिले तर जखम जेमतेम अर्ध्या इंचाची होती.

ती सुरी टाकणारे घर काही दुष्ट नसणार. मूठ हलायला लागली, नवी सुरी आली, जुनी मुलांच्या हाती लागू नये म्हणून केरात गेली. मीही हेच करत आलो होतो. दाढीची पाती वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून टाकायचो आणि स्वतःला फार काळजीवाहू समजायचो. एकदा केर भरताना आमच्या कामवाल्या मावशींचे बोट त्याच पात्याने कापले, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. ओला कचरा लागला की कागदाचा लगदा होतो आणि धार मोकळी होते, एवढी साधी गोष्ट एका डॉक्टरला सुचू नये!

आपल्याकडे कचऱ्याला शेवटी माणसाचा हात लागतोच. आधी गाडीवरचा, मग कचरा निवडणाऱ्याचा. २०१६ सालच्या केंद्राच्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवायला सांगितले. पण सुरी 'सुक्यात' टाकली म्हणून तिची धार जात नाही. माझे तर स्पष्ट मत आहे की सुरी, विळी, किसणी, कात्री यांना कचरा म्हणूच नये. ते लोखंड आहे, त्याला मोल आहे. खंडेनवमीला आपण विळी पुसून तिला हळदकुंकू वाहतो आणि पुढे तीच विळी उकिरड्यावर फेकतो, हे मला पटत नाही.

आधी ती खरोखर टाकायची आहे का ते पाहा. नुसती धार गेली असेल तर धारवाल्याकडे द्या. बोथट सुरीला जोर जास्त लावावा लागतो, ती सटकते आणि बोटावर येते. टाकायचीच असेल तर जाड पुठ्ठ्याची दुहेरी घडी करून पाते आत घाला. पुठ्ठा टोकाच्या पुढे दोन बोटे राहू द्या आणि मुठीपर्यंत चिकटपट्टीने आवळा. विळीच्या पात्यावर जुन्या नळीचा उभा चिरलेला तुकडा बसवून सुतळीने बांधा. मग भंगारवाल्याच्या हातात, "यात धार आहे" असे सांगून द्या. भंगारवाला येत नसेल तर असेच बांधून, वर लाल खूण करून, पिशवीत न टाकता गाडीवरच्या माणसाला वेगळे द्या. नुसते "सुरी" असे लिहून भागत नाही, प्रत्येकाला वाचता येईलच असे नाही. दाढीची पाती झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवा. डबा भरला की तो चिकटपट्टीने बंद करून तसाच द्या. विहिरीत किंवा नदीत तर काहीच टाकू नका, तिथे पोरे पोहतात.

इतके करूनही कापलेच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात उंच धरा. हळद, चहापूड, चुना, तंबाखू काही नको. पाते आत रुतले असेल तर उपसू नका, तसेच दवाखान्यात या. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर जखम लहान दिसली तरी थांबू नका.

"सुरी गंजकी नव्हती, मग इंजेक्शन कशाला?" असे हमखास विचारले जाते. धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, चकचकीत पात्यावरूनही आत जाऊ शकतात. कचऱ्यातल्या जखमेला, शेवटचा डोस घेऊन पाच वर्षांहून अधिक झाली असतील तर पुन्हा घ्यावा लागतो.

या बाईंनी तर लग्नानंतर, बाळंतपणातच काय ती इंजेक्शने घेतलेली. त्यांचा मुलगा आता बारावीत आहे. परवा त्या हात दाखवायला आल्या होत्या. बोट अर्धेच मिटते. झाडू धरता येतो, पण पिशवीची गाठ डाव्या हाताने सोडावी लागते, म्हणाल्या.