पेटी मजबूत करून देतो, पण किती वजनासाठी?

उसाचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर भागातील गॅरेजांत एक वाक्य हमखास ऐकू येते. ट्रकमालक म्हणतो, "मिस्त्री, या खेपेला गिअरची पेटी अशी बांधा की पुन्हा खोलायची वेळ येऊ नये." मिस्त्री उत्तर देतो, "बिनधास्त जा मालक, फौलादी करून देतो." माझा आक्षेप या उत्तराला आहे. त्यातून होणारे नुकसान गिऱ्हाइकापेक्षा आपल्या कारागीर बंधूंच्याच पदरी अधिक पडते.

कळसच्या एका मालकाचा जुना १६१३ ट्रक दुसऱ्या गिअरमधून सुटत होता. ज्या मिस्त्रीकडे तो गेला त्याने काम मनापासून केले. गिअर नवे, बेअरिंगे नवी, सिंक्रो रिंगा नव्या. मालक "जोर पाहिजे" म्हणाला म्हणून क्लचची प्रेशर प्लेटही जादा दाबाची बसवली आणि डिझेल पंप थोडा वाढवला. दोन आठवड्यांनी भरलेला ट्रक उसाच्या फडात रुतला. ड्रायव्हरने पहिला गिअर टाकून क्लच एकदम सोडला. पेटीला काही झाले नाही, पण मागच्या हौजिंगमधील क्राऊन-पिनियनचे दात उडाले. ऊस गाडीत वाळू लागला म्हणजे वजन घटले. तोडणीची टोळी बसून राहिली. मालक गॅरेजवर येऊन म्हणाला, "फौलादी केली होती ना?" मिस्त्रीचे निम्मे पैसे आजही येणेच आहेत.

यात दोष कोणाचा? क्राऊन जुना होता हे खरे. पण जुन्या ट्रकमध्ये क्लच हा विजेच्या फ्यूजसारखा असतो. चाक रुतले, इंजिन जोर करते, पहिल्या गिअरमुळे तो जोर कितीतरी पटींनी वाढतो. अशा वेळी साधी क्लच प्लेट घसरते, वास येतो, ड्रायव्हर घाबरून पाय दाबतो. प्लेट जळाली तरी ती मशीनमधली स्वस्तातली वस्तू. तीच न घसरणारी केली की झटका पुढे जातो. पेटी भक्कम असेल तर तो जॉइंटच्या क्रॉसवर जातो, क्रॉस भक्कम असेल तर क्राऊनवर. मोडणारी जागा फक्त मागे सरकते, आणि जसजशी मागे सरकते तसतशी महाग होत जाते.

हा अनुभव आपल्याच गल्लीतला नाही. अमेरिकेत १९८९ च्या मॉडेलपासून डॉज कंपनीच्या पिकअप ट्रकांत कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन बसू लागले. त्याच घराण्यातील इंजिन पुढे जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्ये तयार होऊन आपल्या टाटा ट्रकांत आले. ही भागीदारी १९९३ ची. डॉजने त्या इंजिनामागे ऑटोमॅटिक पेटीही दिली होती. सुरुवातीची पेटी तीन गिअरची, १९६० च्या दशकात मोटारगाड्यांसाठी निघालेल्या रचनेतली. ऑटोमॅटिक पेटीला क्लचचा पायडल नसतो. इंजिनाचा जोर आधी तेलाने भरलेल्या टॉर्क कन्व्हर्टरमधून जातो, आणि आत तेलात बुडालेल्या पातळ प्लेटा तेलाच्याच दाबाने एकमेकींना पकडतात. मालकांनी हौसेने पंप वाढवला, तशा त्या प्लेटा घसरू लागल्या व तेल करपून काळे पडू लागले. तिथल्या मिस्त्रींनी प्लेटांची संख्या वाढवली, तेलाचा दाब वाढवला, मोठा ऑइल कूलर लावला. प्लेटा घसरायच्या थांबल्या तेव्हा इनपुट शाफ्ट पिळून तुटू लागला. मग शाफ्ट भारी पोलादाचा आला. अखेर चांगले कारागीर पेटी देतानाच सांगू लागले की ही बांधणी इतक्या हॉर्सपॉवरपर्यंतची आहे, त्यापुढची नाही. आपण त्यांच्याकडून उचलायचे ते हे सांगणे. भारी शाफ्ट नंतर पाहू.

आपल्या साध्या पेटीतही मजबुती म्हणजे जाड लोखंड नव्हे. बहुतेक वेळा दात मोडतो तो बेअरिंग झिजल्यामुळे. बेअरिंगला प्ले आला की शाफ्ट हलतो, दात पूर्ण रुंदीने भिडत नाहीत, सगळा भार एका कडेवर येतो. नुसता गिअर बदलून जुनी बेअरिंगे ठेवणारा मिस्त्री पुढच्या मोडतोडीची तारीखच ठरवून देतो. दुसरे, तुटलेल्या दातावर वेल्डिंग भरून घासण्याची जुनी सवय. कळसच्या शेजारी वालचंदनगरच्या कारखान्यात मोठमोठे गिअर घडवले जातात. तिथे उमेद घालवलेल्या कोणत्याही कामगाराला विचारा. दाताची कातडी कडक आणि गाभा चिवट असावा लागतो, आणि वेल्डिंगच्या आचेने दोन्ही जाते. तिसरे, हौजिंगसाठी आणलेले उग्र तेल पेटीत ओतणे. त्यातील गंधकाचा मसाला पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाही. कंपनीने पेटीसाठी सांगितलेले तेलच घालावे. चार पैसे जास्त गेले तर गेले.

आता वजनाकडे येतो, कारण खरे भांडण तिथेच आहे. २०१८ साली केंद्र सरकारने दोन आसांच्या मालट्रकचे कायदेशीर एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेले. कागद बदलला, पण वीस वर्षांपूर्वीच्या पेटीतले दात तेच राहिले. उसाची गाडी तर या आकड्यालाही कधी कधी मान देत नाही. हे मिस्त्रीला ठाऊक असते, मालकालाही ठाऊक असते, आणि दोघेही ते बोलत नाहीत.

बोलावे, आणि लिहावे. पेटी दिली की बिलाच्या मागे चार ओळी लिहा: कोणते भाग नवे घातले, कोणते जुने ठेवले व का, किती भारासाठी बांधणी केली, पंप वाढवल्यास जबाबदारी कोणाची. मालकाची सही घ्या. क्लच हेतुपुरस्सर साधा ठेवला असेल तर तेही लिहा.

यावर गॅरेजवाले म्हणतील, "असे सांगितले तर गिऱ्हाईक शेजारी जाईल." काही जातील, हे मी नाकारत नाही. हंगामात उधारीवर काम करणाऱ्याला एक गिऱ्हाईक गमावणेही जड जाते. पण आपली उधारी बुडते ती बहुतेक अशाच तोंडी "फौलादी"पायी, आणि तेव्हा दाखवायला हातात कागद नसतो. शिवाय उस्तादाने चार ओळी लिहिल्या की हाताखालचा पोरगाही मोजून काम करायला शिकतो. उद्या ऑटोमॅटिक पेट्यांचे ट्रक आपल्या दारात आले तर त्या अंदाजाने खोलता येणार नाहीत. तिथे तेलाचा दाब गेज लावूनच पाहावा लागतो.

कळसच्या त्या ट्रकला दुसऱ्या मिस्त्रीने नवा क्राऊन बसवला, पंप कंपनीच्या मापावर आणला आणि साधी प्रेशर प्लेट परत घातली. मालक अजूनही कुरकुरतो की गाडीला पूर्वीचा पिकअप राहिला नाही.