विष आणि मात्रा

गेल्या महिन्यांत पुरुषोत्तमनगरांतील एक परिचित गृहस्थ माझ्या अंगणांतील सदाफुलीचीं पानें मागावयास आले. त्यांच्या वहिनींना कर्करोग झालेला. इस्पितळाचे उपचार थांबवून पानांचा काढा द्यावा असें कोणीं तरी सुचविलें होतें. मीं पानें दिलीं नाहींत. त्यांना बसवून घेतलें व आपल्याच जिल्ह्यांतील एका सुपुत्राची हकीकत सांगितली.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालीं नंदुरबारास झाला. मुंबई विद्यापीठांत शिकून ते पुढें अमेरिकेस गेले. तेथें मन्रो वॉल यांच्यासह त्यांनीं एका चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसीन नांवाचें अल्कलॉइड वेगळें काढलें; त्याची रचना १९६६ सालीं प्रसिद्ध झाली. आपल्या सह्याद्रींतील नरक्याच्या झाडांतही पुढें हेंच द्रव्य सांपडलें. वाणी २०२० सालीं निवर्तले.

हें द्रव्य करतें काय? पेशी दुभंगण्यापूर्वीं तिच्यांतील डीएनएची नक्कल व्हावी लागते. त्या वेळीं पिळलेल्या धाग्याचा ताण सैल करण्यासाठीं एक विकर त्याचा एक पदर क्षणभर कापतें व पुन्हां सांधतें. कॅम्प्टोथेसीन त्या सांधण्याच्याच आड येतें. तुटलेला धागा तसाच राहतो आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी अविश्रांत वाढत असल्यानें त्यांवर आघात अधिक होतो. परंतु रक्त निर्माण करणाऱ्या निरोगी पेशीही त्यांतून सुटत नाहींत. म्हणूनच रुग्णांवरील पहिल्या चांचण्या विषारी परिणामांमुळें थांबवाव्या लागल्या. रेणूंत फेरफार करून सिद्ध केलेलीं टोपोटेकान व इरिनोटेकान हीं औषधें अमेरिकेंत मान्य झालीं तीं १९९६ सालीं. शोधापासून औषधापर्यंत तीस वर्षें!

सदाफुलीचें तसेंच. तिच्यांतील व्हिनब्लास्टीन व व्हिनक्रिस्टीन हीं खरोखरच कर्करोगावरील औषधें होत. तीं पेशीचें विभाजन मध्येंच अडवितात. परंतु एक ग्रॅम व्हिनब्लास्टीनकरितां सुमारें ५०० किलो वाळलेलीं पानें लागतात, आणि तें शुद्ध द्रव्य रक्ततपासणी करून, मोजून, शिरेवाटें देतात. मूठभर पानांच्या काढ्यांत औषध किती व इतर विष किती, हें कोण मोजणार?

तीक्ष्ण विषही योग्य योजनेनें उत्तम औषध होतें व औषधही दुर्योजनेनें विष होतें, हें चरकाचार्यांनीं पूर्वींच सांगून ठेविलें आहे. आपण त्यांतील पहिला भाग तेवढा ध्यानांत ठेवतों.

गृहस्थ बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशीं ते वहिनींना घेऊन इस्पितळांत गेले. वाचकहो, आपल्या घरींही असा काढा कोणीं सुचविल्यास, तो चुलीवर ठेवण्यापूर्वीं उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अवश्य विचारा. आणि चालू असलेले उपचार मात्र एक दिवसही चुकवूं नका.