सुश्रुताचा विसरलेला दंडक

सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी पंचांग पाहिले जाते ते केवळ सणवार आणि मुहूर्त यांसाठीच नव्हे. पुत्रप्राप्तीसाठी पतिपत्नींनी सम तिथीस एकत्र यावे, हा सल्लाही वडीलधाऱ्यांकडून दबक्या आवाजात दिला जातो, आणि तो आयुर्वेदाचा आहे असे निःशंकपणे सांगितले जाते.

सुश्रुतसंहितेत सम-विषम रात्रींचा उल्लेख आहे, हे खरे. परंतु त्या रात्री रजोदर्शनाच्या प्रथम दिवसापासून मोजावयाच्या असतात, चंद्राच्या प्रतिपदा-द्वितीयेपासून नव्हे. अमावास्या-पौर्णिमेस संयम पाळण्याचा नियम स्मृतिकारांनी धर्मविधी म्हणून घातला आणि वाग्भटानेही तो स्वीकारला. तिथीगणिक स्त्रीदेहातील कामाचे स्थान पालटते, ही कल्पना मात्र कोक्कोकाच्या ‘रतिरहस्या’तील, म्हणजे कामशास्त्रातील आहे. या साऱ्यांची सरमिसळ करून जो लोकाचार बनला, त्याला वैद्यकाचा आधार नाही. चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा, तर निरोगी स्त्रीचे ऋतुचक्र एकवीस ते पस्तीस दिवसांचे. आणि अपत्य मुलगा की मुलगी हे पित्याच्या बीजातील गुणसूत्रावर ठरत असल्यामुळे खुद्द सुश्रुताचा सम रात्रींचा सिद्धांतही आज ग्राह्य नाही, हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

2020 साली कीर्तनकार निवृत्ती महाराज इंदुरीकर यांच्या सम-विषम तिथीविषयीच्या विधानावरून प्रकरण संगमनेरच्या न्यायालयात गेले. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली होती, तरी जून 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने खटला चालविण्याचा मार्ग मोकळा केला. ज्या राज्यात 2011 च्या खानेसुमारीत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे केवळ 894 मुली आढळल्या, तेथे असे विधान निरुपद्रवी राहत नाही.

मला खरा विषाद वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. सोळा वर्षांखालील स्त्रीच्या ठायी पंचवीस वर्षांखालील पुरुषापासून गर्भ राहिल्यास तो नष्ट होतो किंवा दुर्बल निपजतो, असा इशारा त्याच सुश्रुताने दिला. मनाची प्रसन्नता ही गर्भधारणेची सर्वश्रेष्ठ साधक होय, असे चरकाने सांगितले. या दोन्ही वचनांचा आम्हांला विसर पडला. कायद्याने अठरा वर्षांची मर्यादा घातली असतानाही, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे बावीस टक्के स्त्रियांचे विवाह त्या वयापूर्वीच उरकले गेले होते.

सिल्लोड-अजिंठा भागातील वैद्यांना आणि कीर्तनकारांना माझी विनंती आहे, की शास्त्राचे नाव घ्यावयाचेच असेल तर लोकांना तिथी न सांगता मुलीचे वय विचारावे, आणि तिची इच्छाही विचारावी.