तारखेची परीक्षा

इ. स. २००० चा पहिला दिवस मोठ्या अनर्थावांचून पार पडला, तेव्हां ‘एवढा पैसा फुकट गेला’ असें म्हणणारे पुष्कळ निघाले. आम्हांस हें मत मान्य नाहीं. जुन्या संगणकांत जागा वांचविण्यासाठीं सालाचे शेवटचे दोनच अंक ठेवीत. ‘००’ म्हणजे १९०० कीं २०००, हें यंत्रास कळेना. व्याजाच्या हिशेबांत याचें काय होईल, हें आमचे विद्यार्थीही सांगतील. अनर्थ टळला तो तपासनिसांच्या श्रमांमुळें. हिशेबाची नक्कल निराळ्या यंत्रावर ठेवून त्याचें घड्याळ ३१ डिसेंबर १९९९ च्या मध्यरात्रीपाशीं न्यावयाचें आणि पुढें काय होतें तें पाहावयाचें. एवढ्यानें भागत नसे. १९०० हें लीप वर्ष नव्हतें, २००० होतें, कारण त्यास ४०० नें नि:शेष भाग जातो. म्हणून २९ फेब्रुवारीचीही परीक्षा घ्यावी लागे. (हा नियम अर्धाच पाठ करणारे आमच्या वर्गांतही थोडे नाहींत!)

आतां १९ जानेवारी २०३८ येत आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजणाऱ्या पुष्कळ जुन्या यंत्रांस २,१४,७४,८३,६४७ च्या पुढें मोजतां येत नाहीं; त्या दिवशीं सकाळीं आपल्याकडे ८ वाजून ४४ मिनिटें होतांच तीं थेट १९०१ सालांत जातील. ज्या पेढीनें वीस वर्षांच्या मुदतीचें कर्ज दिलें आहे, तिच्या वहींत ही तारीख आजच येऊन बसली आहे. तिनें तपासणी पुढें ढकलावी, हें आम्हांस पटत नाहीं.