पलटणीची हमी सहा महिन्यांची, एन्रॉनची वीस वर्षांची!

६ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून प्रादेशिक सेनेतील अधिकारी व जवान यांना सेवेत पाचारण करण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना दिला. देशभक्तीच्या घोषणांनी त्या आठवड्यात आकाश दुमदुमले. परंतु पाचारण झालेल्या माणसाची नोकरी परत येईपर्यंत कोण सांभाळणार, हा प्रश्न एकाही घोषणाबाजाला पडला नाही.

प्रादेशिक सेना ही नागरिकांची सेना होय. एरवी हा माणूस आपला पोटापाण्याचा व्यवसाय करतो आणि हाक येताच गणवेश चढवतो. १९४८ च्या कायद्याने त्याला रजा देण्याचे व परत कामावर घेण्याचे बंधन मालकावर घातले आहे. पण त्याच कायद्यात पळवाटही आहे. मालकाने नकार दिल्यास नुकसानभरपाईची कमाल मर्यादा सहा महिन्यांच्या वेतनाएवढी! बड्या भांडवलदाराला ही शिक्षा नव्हे, सवलत आहे.

वैमानिकाचे उदाहरण घ्या. नव्वद दिवसांत तीन उड्डाणे व तीन अवतरणे झाली नाहीत, तर त्याला प्रवासी विमान चालवता येत नाही. पुन्हा सराव करावा लागतो. लष्करी सेवेत महिने घालवून परतलेल्याच्या या सरावाचा खर्च कोणी सोसायचा? २०२५ च्या डिसेंबरात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांना आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची विश्रांती देण्याइतकीही माणसे तिने नेमली नव्हती. सरकारने कंपनीला वठणीवर आणण्याऐवजी नियमच शिथिल केले. जी कंपनी झोपेसाठी माणूस सोडत नाही, ती सीमेसाठी सोडेल काय?

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य उतरवताना हवाईदलाबरोबर नागरी डाकोटा विमाने व त्यांचे वैमानिक धावून गेले होते. १९५३ मध्ये विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि वैमानिकाचा मालक व राष्ट्ररक्षणाचा जबाबदार एकच ठरला. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांच्या हवाली करून सरकारने ही सांगड स्वतःच्या हाताने तोडली.

सरकारला हमी देता येत नाही, असे कोणी सांगू नये. निदान दाभोळात तरी नाही. वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, अंजनवेलला, एन्रॉनला वीस वर्षांच्या वीजखरेदीचा करार मिळाला होता. वीज घ्या वा न घ्या, स्थिर आकार भरणे भागच होते. वर १९९४ मध्ये केंद्राची प्रतिहमी! अमेरिकन भांडवलाच्या नफ्याला वीस वर्षांचे अभय आणि कोकणच्या जवानाच्या भाकरीला सहा महिन्यांचे. मनिऑर्डरवर जगलेल्या या किनाऱ्याने पिढ्यान् पिढ्या पलटणीला माणसे पुरवली, त्याचे हे मोल?

छोट्या कारखानदाराला हा बोजा पेलणार नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच तो एकट्या मालकावर टाकू नये. संरक्षण ही सार्वजनिक गरज. तिचा खर्चही सार्वजनिक असला पाहिजे. सर्व मोठ्या आस्थापनांकडून वेतनखर्चाच्या प्रमाणात उपकर घेऊन निधी उभारावा. त्यातून पाचारण झालेल्याच्या वेतनातील तूट, भविष्यनिर्वाह निधी व फेरप्रशिक्षण यांचा खर्च भागवावा. सहा महिन्यांची पळवाट बुजवून पुनर्नियुक्ती अटळ करावी. कंत्राटी कामगारालाही हे संरक्षण द्यावे.

कामगार संघटनांनी ही मागणी आपल्या मागणीपत्रांत घालावी. राष्ट्रप्रेमाची मक्तेदारी मिरवणाऱ्यांना एकच सवाल करावा: रक्त गरिबाचे आणि सवलत भांडवलाला, हा कोणता राष्ट्रवाद?