रिझर्व्हवरची गाडी आणि पंपाचे आयुष्य

टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो म्हणून गार राहतो, असे आपण शिकाऊ मुलांना सांगतो. हे अर्धेच खरे आहे. पेट्रोल मोटरीच्या आतूनच वाहते, आर्मेचर, कम्युटेटर आणि कार्बन ब्रशला धुऊन वर निघते. मोटरीला गारवा आणि वंगण मिळते ते मुख्यतः या प्रवाहातून. शिवाय बऱ्याच कारमध्ये पंप टाकीतल्या एका वाटीत बसतो आणि जेट पंप ती वाटी भरत राहतो. म्हणून काटा पावाखाली गेला की पंप उघडा पडला, असे होत नाही.

तरीही कमी पेट्रोल पंपाला मारतेच. घाटात, वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकते, वाटी रिकामी होते आणि पंप हवा ओढतो. कोरड्या चालीत बुश आणि ब्रश फार लवकर झिजतात. दुसरे कारण उष्णतेचे. रिटर्न लाइन असलेल्या गाडीत इंजिनाजवळ तापलेले पेट्रोल टाकीत परत येते. ४० लिटरांत ती उष्णता जिरते, ४ लिटरांत जिरत नाही. पेट्रोलमधले हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि मे महिन्यात विदर्भात सावलीतली हवाच ४५ अंशांवर जाते. मग पंपाच्या तोंडाशी बुडबुडे होतात आणि प्रेशर पडते. दुपारी बंद पडलेली गाडी संध्याकाळी निमूट सुरू होते, ती बऱ्याचदा यामुळेच.

बीएस-६ नंतर दुचाकींतही इंजेक्शन आले, आणि मोटारसायकलची टाकी तर इंजिनाच्या डोक्यावरच. शंभर रुपयांचे पेट्रोल भरणाऱ्याला टाकी फुल करा सांगणे बरे नव्हे. तेच शंभर रिझर्व्ह लागायच्या आधी भरा, एवढे सांगावे. त्याचा खर्च वाढत नाही.

आणि पंप बदलण्याची घाई आपणही सोडली पाहिजे. आधी गेज लावा. गाडी चालू असताना पंपाच्या कपलरवर व्होल्टेज मोजा; काळवंडलेली पिन पंपाचा वाटा खाते. जाळी चिकट झाली असेल तर प्रवाह घटतो, बाहेरचा फिल्टर तुंबला असेल तर करंट वाढतो. दोन्हींत मोटर तापते. तेच कपलर आणि तीच जाळी ठेवून बसवलेला नवा पंपही त्याच वाटेने जाणार.

गेलेला पंप भंगारात टाकण्याआधी एकदा कापून पाहा. कम्युटेटर खरवडलेला आणि ब्रश बुंध्यापर्यंत झिजलेले दिसले, तर गिऱ्हाइकाला समोर बसवून दाखवा. आणि गाडी आत घेताना काटा कुठे होता, ते जॉबकार्डावर लिहायला लागा.